पोस्टकोड आधी, समुद्र नंतर

'वाचक विचारतात' या सदराकडे ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्याबद्दलची पत्रं आली आहेत. कुणाची मुलगी निघाली आहे, कुणाचा मुलगा पोहोचला आहे. प्रश्न फिरून फिरून एकच: घर कुठं पाहावं? निवडक पत्रं आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत. रकमा ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये आहेत.

मुलगी नर्स आहे, जावई आयटीत. दोघांना ४९१ व्हिसा मिळाला. जावई ब्रिस्बेन म्हणतात, मुलगी गोल्ड कोस्ट म्हणते, एजंट टाउन्सव्हिलचं नाव घेतो. आम्ही काय सांगावं?
— निवृत्त शिक्षक, लातूर

ब्रिस्बेनचा विषय व्हिसानेच मिटवला आहे. ४९१ हा प्रादेशिक व्हिसा. तो ज्याच्या ज्याच्या नावावर आहे त्याला, म्हणजे जावयांनाही, नेमून दिलेल्या प्रादेशिक भागातच राहावं लागतं, तिथेच काम आणि शिक्षण करावं लागतं. सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन ही महानगरं त्या भागात मोडत नाहीत. गोल्ड कोस्ट, सनशाइन कोस्ट, टूवूंबा, टाउन्सव्हिल, केर्न्स मोडतात. गोल्ड कोस्टला बिऱ्हाड करायचं आणि ऐंशी किलोमीटरवरच्या ब्रिस्बेनला रोज नोकरीला जायचं, ही पळवाट चालत नाही, कारण कामाची जागाही यादीतच असावी लागते. यादी शहराच्या नावाने नाही, पोस्टकोडने चालते. ब्रिस्बेनच्या कडेचे काही पोस्टकोड तीत बसतात, शेजारचे बसत नाहीत. त्यामुळे घराचे फोटो नंतर बघा, आधी चार आकडी पोस्टकोड गृहखात्याच्या यादीत ताडून घ्या. नोकरीच्या पत्त्याचाही.

हा व्हिसा पाच वर्षांचा असतो. तीन वर्षं अटी पाळल्या आणि तीन वर्षांच्या कर-आकारणीच्या नोटिसा हातात असल्या की १९१ या कायम वास्तव्याच्या व्हिसासाठी अर्ज करता येतो. भाडेकरार, वीजबिलं आणि पगारपत्रकं पहिल्या महिन्यापासून एका फाइलीत लावायला सांगा.

आता गोल्ड कोस्ट की टाउन्सव्हिल? नर्सला दोन्हीकडे मोठी सरकारी रुग्णालयं आहेत. गोल्ड कोस्ट युनिव्हर्सिटी हॉस्पिटल साउथपोर्टला आहे आणि त्याच्या दारातच ट्रामचं स्टेशन आहे. टाउन्सव्हिलचं रुग्णालय डग्लस भागात, जेम्स कुक विद्यापीठाला लागून. टाउन्सव्हिलमध्ये दोन गोष्टींचा हिशेब करावा लागतो. पहिली चक्रीवादळं, नोव्हेंबर ते एप्रिल. तिथे १९८० च्या दशकाच्या मध्यानंतर बांधलेलं घर घ्यावं, कारण छप्पर भिंतीला आणि भिंत पायाला बांधून ठेवण्याचे कडक नियम तोवर लागू झाले होते. दुसरी गोष्ट विमा. उत्तरेकडे घराच्या विम्याचा हप्ता दक्षिणेपेक्षा बराच जड असतो. २०१९ च्या फेब्रुवारीत रॉस नदीच्या धरणाचे दरवाजे पूर्ण उघडावे लागले, तेव्हा इडालिया, रॉसली, हर्मिट पार्क या भागांत पाणी शिरलं होतं. ही नावं लिहून ठेवा.

एकट्या मुलीचा प्रश्न असता तर टाउन्सव्हिल वाईट नव्हतं. पण जावयांच्या आयटीच्या नोकऱ्या तिथे मोजक्याच. दोघांचा मिळून विचार केला तर गोल्ड कोस्ट बरं. ट्रामच्या मार्गालगत किंवा हेलेन्सव्हेल स्टेशनच्या आसपास घर पाहावं. समुद्राला तोंड करून असलेल्या उंच इमारती पर्यटकांसाठी आहेत. शनिवारी रात्री तिथे झोप लागत नाही आणि सोमवारी गाडी लावायला जागा मिळत नाही. एक गंमत सांगायची तर दक्षिण टोकाला कूलंगाटा आणि ट्वीड हेड्स ही जुळी गावं आहेत, मधून राज्याची सीमा जाते. क्वीन्सलँड उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, शेजारचं राज्य करतं. त्यामुळे ऑक्टोबर ते एप्रिल रस्त्याच्या अल्याड सात आणि पल्याड आठ वाजलेले असतात. ड्युटीची वेळ ठरवताना 'कुठले सात?' हे विचारायला हवं.

आम्हा दोघांना कायम व्हिसा आहे, नोकरी ब्रिस्बेनमध्ये. नदीजवळ एक घर भाड्याने स्वस्त मिळतंय, पण पुराचे व्हिडिओ पाहून आई घाबरली आहे. मुलगी साडेचार वर्षांची, तिच्या शाळेचंही बघायचं आहे.
— इंजिनिअर दांपत्य, छत्रपती संभाजीनगर

आईंचं घाबरणं रास्त आहे. ब्रिस्बेन नदीचा पूर शहरातल्या मोजपट्टीवर १९७४ मध्ये ५.४५ मीटर, २०११ च्या जानेवारीत ४.४६ मीटर आणि २०२२ च्या फेब्रुवारीत ३.८५ मीटरपर्यंत चढला. १९७४ नंतर वर विवेनहो धरण बांधलं गेलं, ते १९८० च्या दशकात पुरं झालं, आणि 'आता पूर संपला' असं लोकांनी धरून चाललं. पण लॉकियर आणि ब्रेमर ही पाणी आणणारी दोन मोठी पात्रं धरणाच्या खाली येऊन मिळतात. जायकवाडीखालच्या गावांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

२०२२ चा पूर उंचीने कमी होता, तरी त्यात २०११ ला कोरडी राहिलेली अनेक घरं बुडाली. तीन दिवसांत शहरात ६७० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. संभाजीनगरला जवळजवळ वर्षभरात पडतो तेवढा. नदी भरायच्या आधीच ओढे आणि रस्ते भरले. म्हणून 'नदीपासून लांब आहे' एवढ्यावर भागत नाही.

घर पाहण्याआधी हे करा. ब्रिस्बेन महापालिकेच्या संकेतस्थळावर पत्ता टाकला की 'फ्लडवाइज प्रॉपर्टी रिपोर्ट' फुकट मिळतो. त्यात पाण्याचे चार स्रोत वेगळे दाखवलेले असतात: नदी, ओढा, समुद्राची भरती-लाट आणि जमिनीवरून वाहत येणारं पावसाचं पाणी. खाली तक्त्यात उंच्या मीटरमध्ये असतात. दोन आकडे शोधा: जमिनीची सर्वांत कमी उंची, आणि १ टक्का शक्यतेच्या पुराची पातळी. समजा जमीन ७.४ आणि पूर ८.६ असेल, तर अंगणात १.२ मीटर पाणी. घर खांबांवर दीड मीटर उचललेलं असेल तर राहती खोली थोडक्यात वाचते. जमिनीलगत असेल तर गादी, फ्रिज, सगळं गेलं. 'एक टक्का' म्हणजे शंभर वर्षांतून एकदाच, असं नव्हे. दरवर्षी शंभरात एक. तीस वर्षं त्याच घरात काढली तर शक्यता सव्वीस टक्क्यांवर जाते.

स्वस्त भाड्याचं आणखी एक कारण तपासा. ब्रिस्बेनची जुनी लाकडी घरं, ज्यांना 'क्वीन्सलँडर' म्हणतात, खांबांवर उभी असतात. वारा खेळावा आणि पाणी खालून जावं म्हणून. पुढे लोकांनी खालची मोकळी जागा भिंती घालून बंद केली आणि तिथे खोल्या काढल्या. छताची उंची २.४ मीटरपेक्षा कमी असेल तर ती जागा राहण्याची खोली म्हणून कायदेशीर नाही. टेप घेऊन जा, मोजा. पूर आला की पहिल्यांदा भरते ती हीच. २०११ मध्ये तर कित्येक ठिकाणी पाणी रस्त्यावरून आलंच नाही, नदीचं पाणी गटारातून उलटं वर आलं. घरासमोरच्या रस्त्याचा सर्वांत खोलगट भाग कुठे आहे आणि जाळीचं तोंड किती जवळ आहे, ते बघा.

रॉकली, फेअरफील्ड, येरोंगा, ग्रेसव्हिल, चेल्मर, मिल्टन, वेस्ट एंड या भागांत पाणी शिरल्याचा इतिहास आहे. म्हणून हे भाग सरसकट टाळा, असं नाही. त्याच उपनगरात टेकाडावरची गल्ली कोरडी आणि खालची बुडालेली असते. उपनगर नव्हे, घराचा नंबर तपासायचा. सही करण्याआधी त्याच पत्त्यावर घरातल्या सामानाच्या विम्याचा दर काढा. विमा कंपनीने पुराचं कलम वगळलं किंवा दर तिप्पट सांगितला, तर घर कसं आहे ते कळलंच.

पुढेमागे विकत घ्यायचं झालं तर एक ध्यानात ठेवा. १ ऑगस्ट २०२५ पासून विक्रेत्याने ठरावीक माहितीपत्रक द्यावंच लागतं, पण त्यात पुराचा इतिहास सांगण्याची सक्ती नाही. करारानंतर विचार बदलायला पाच कामाचे दिवस मिळतात, पण माघार घेतली तर किमतीच्या पाव टक्क्यापर्यंत रक्कम कापली जाऊ शकते. इमारतीची आणि वाळवीची तपासणी याच दिवसांत उरका. लाकडी घरात वाळवी हा पुराइतकाच खर्चाचा विषय आहे. १९९० पूर्वीच्या घरात ॲस्बेस्टॉसचे पत्रे असू शकतात, तिथे स्वतः ड्रिल मशीन लावू नका.

मुलीचं सोपं आहे. शाळेचं वर्ष जानेवारीच्या अखेरीस सुरू होतं. पहिलीच्या आधीच्या वर्गाला 'प्रेप' म्हणतात आणि त्या वर्षीच्या ३० जूनपर्यंत मूल पाच वर्षांचं व्हावं लागतं. त्याआधीच्या वर्षी किंडरगार्टन, आठवड्याला पंधरा तास, सरकारी योजनेत मोफत. सरकारी शाळांना हद्द ठरलेली असते. गर्दीच्या शाळेत प्रवेश घेताना भाडेकरार आणि वीजबिल मागतात, नातेवाइकाचा पत्ता दिला तर पकडला जातो. तेव्हा घर आणि शाळेची हद्द एकाच नकाशावर ठेवून बघा. शाळा तीनच्या सुमारास सुटते. दोघांची नोकरी असेल तर शाळेनंतरच्या पाळणाघराची जागा घराबरोबरच विचारून घ्या. त्याला तिथे 'ओश्क' (OSHC) म्हणतात. परदेशी विद्यार्थ्यांच्या आरोग्य विम्याची आद्याक्षरंही नेमकी तीच. फोनवर बोलताना घोटाळा व्हायला वेळ लागत नाही.

मुलगा कृषी पदवीधर, टूवूंबाजवळ नोकरी मिळाली. तिथली माती आपल्यासारखीच काळी आहे म्हणे. ४९१ व्हिसावर आहे. तिथेच जागा घेऊन घर बांधावं का?
— शेतकरी, परभणी

माती आपल्यासारखीच, हे खरं. टूवूंबा ब्रिस्बेनपासून सव्वाशे किलोमीटर आत, डोंगराच्या माथ्यावर सुमारे सातशे मीटर उंचीवर आहे. पश्चिमेला डार्लिंग डाउन्सची काळी सपाट जमीन पसरली आहे. कापूस, ज्वारी, हरभरा. पिकांची नावं वाचून परभणीच वाटावी. ज्वारी मात्र लालसर दाण्याची आणि मुख्यतः जनावरांच्या खाद्याची. भाकरीचं पीठ भारतीय दुकानातूनच आणावं लागतं.

आपल्या पूर्वजांनी शेत काळीत केलं आणि गाव पांढरीवर वसवलं. तिथेही हाच नियम लावा. टूवूंबा शहराचा बराचसा भाग जुन्या ज्वालामुखीच्या लाल मातीवर आहे, ती घराला बरी. ओकी, पिट्सवर्थ, डॅल्बीकडे उतरलं की काळी सुरू होते. ती भिजली की फुगते, वाळली की बोटभर भेगा पडतात, आणि वरचं घर तिच्याबरोबर हलतं.

ऑस्ट्रेलियात बांधकामाआधी मातीची तपासणी करून प्लॉटला वर्ग देतात. जमीन किती मिलिमीटर वर-खाली होईल यावर तो ठरतो. 'एस' म्हणजे २० पर्यंत, 'एम' ४० पर्यंत, 'एच-१' ६० पर्यंत, 'एच-२' ७५ पर्यंत आणि त्यावर 'ई'. भराव घातलेली किंवा अडचणीची जमीन 'पी'. काळीवर 'एच-२' आणि 'ई' निघणं नित्याचं. म्हणजे पायाच्या तुळया खोल, लोखंड जास्त आणि खर्चही जास्त. जाहिरातीतला घराचा दर बहुधा चांगल्या वर्गाच्या जमिनीचा असतो. मातीचा अहवाल हातात आल्याशिवाय पक्क्या रकमेवर सही करू नका.

बिघडतं ते मात्र बहुतेक वेळा नंतर, घरमालकाच्या हातून. भिंतीला लागून वाफा केला, एसीच्या पाण्याची नळी पायाशी सोडली, पन्हाळीचा जोड गळत राहिला की एका कोपऱ्याखालची माती फुगलेली राहते आणि दुसरी वाळलेली. मग दार घासायला लागतं, आणि विटांच्या सांध्यातून पायऱ्यापायऱ्यांनी तडा चढतो. एक मिलिमीटरच्या आतल्या तड्याची काळजी नको. पाच मिलिमीटर रुंदीपर्यंतचा तडा पुट्टीने भरून, रंग देऊन भागतं. त्यापुढे गेला तर इंजिनिअर बोलवा आणि आधी पाणी कुठे मुरतंय ते शोधा. पाणी शोधण्याआधी तडा बुजवला तर तो शेजारी उघडतो. झाड लावायचं तर 'एच' जमिनीवर ते पूर्ण वाढून जेवढं उंच होईल तेवढ्या अंतरावर, 'ई' वर त्याच्या दीडपट. निलगिरीसारखं झाड पायाखालचं पाणी ओढून एक बाजू खचवतं. घराभोवती मीटरभर फरशी बाहेरच्या बाजूला उतार देऊन केली की निम्मा त्रास टळतो.

आता घेण्याचं. ४९१ हा तात्पुरता व्हिसा आहे. १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२७ या काळात तात्पुरत्या व्हिसाधारकांना जुनं, वापरलेलं घर विकत घ्यायला बंदी घातली गेली. नवं घर किंवा मोकळा प्लॉट परवानगी घेऊन घेता येतो, पण क्वीन्सलँडमध्ये नेहमीच्या मुद्रांक शुल्कावर परदेशी खरेदीदाराचे आणखी ८ टक्के लागतात. चार लाखांच्या प्लॉटवर बत्तीस हजार. तेवढ्यासाठी कायम व्हिसापर्यंत थांबावं आणि भाड्यानेच राहावं, असं आम्हाला वाटतं.

आणि डोंगरावर आहे म्हणून पाण्यापासून सुटका, असं समजू नका. १० जानेवारी २०११ ला टूवूंबाच्या भर बाजारातून ओढ्याचा लोंढा गेला. खालच्या लॉकियर खोऱ्यातलं ग्रँथम गाव तर उद्ध्वस्त झालं. किल्लारीनंतर आपल्याकडे गावं नव्या जागी वसवली, तशी ग्रँथमच्या लोकांनाही उंचावर बदली प्लॉट दिले गेले. भाड्याचं घर पाहताना ईस्ट क्रीक आणि वेस्ट क्रीक या दोन ओढ्यांपासूनची उंची बघा.

क्वीन्सलँड विद्यापीठात प्रवेश मिळाला आहे. इथूनच खोली बुक करू का? डिपॉझिट किती मागतात?
— विद्यार्थी, नांदेड

इथून पैसे पाठवू नका. पहिले दोन आठवडे वसतिगृह किंवा ओळखीच्यांकडे काढा आणि खोली डोळ्यांनी पाहूनच ठरवा. चावी कुरिअरने पाठवतो म्हणणारा घरमालक हा ठरलेला फसवणुकीचा प्रकार आहे.

भाडं आठवड्याचं सांगतात. महिन्याचं काढताना चारने गुणू नको, बावन्नने गुणून बाराने भाग. आठवड्याला ३०० म्हणजे महिन्याला १३००, बाराशे नव्हे. डिपॉझिटला 'बाँड' म्हणतात. भाडेकरार असेल तर तो जास्तीत जास्त चार आठवड्यांच्या भाड्याएवढा, आणि घरमालकाने तो दहा दिवसांत आरटीए या सरकारी संस्थेकडे जमा करायचा असतो. तिची पावती तुझ्या नावाने येते. नाही आली तर पैसे घरमालकाच्या खिशात आहेत असं समज. ठरावीक मुदतीच्या करारात एक महिन्यापेक्षा जास्त आगाऊ भाडं मागता येत नाही. जाहिरातीतल्या भाड्यापेक्षा जास्त देऊ करायला लावणंही बेकायदा आहे.

चावी मिळाली की घराच्या अवस्थेचा अहवाल भरून द्यायला सात दिवस असतात. हाच कागद पुढे बाँड वाचवतो. शेगडीमागचा तेलकट डाग, गालिच्यावरचं इस्त्रीचं जळकं, खिडकीची फाटकी जाळी, बाथरूमच्या छतावरची काळी बुरशी. प्रत्येकाचा फोटो काढून ईमेल कर, म्हणजे तारीख राहते. मधेच घर सोडलं तर नव्या भाडेकरूच्या खर्चापोटी किती द्यायचं, ते किती मुदत संपली यावर ठरतं. पाव मुदतीच्या आत चार आठवड्यांचं भाडं, निम्म्यापर्यंत तीन, पाऊण मुदतीपर्यंत दोन, त्यानंतर एक. परीक्षेनंतर गावी जायचं असेल तर करार बारा महिन्यांऐवजी सहाचा मागून बघ.

भाड्याच्या घरांत धुराचे अलार्म एकमेकांना जोडलेले असतात. एक वाजला की सगळे वाजतात. फोडणी देताना पंखा आणि खिडकी आधी उघड. अलार्मवर पिशवी बांधणं किंवा तो काढून ठेवणं कायद्याने मना आहे.

सेंट लुशियात विद्यापीठाजवळ भाडं चढं. नदीपलीकडे डटन पार्क, ॲनर्ली, वूलूंगाबा पाहा. डटन पार्कवरून विद्यापीठात जायला बस, सायकल आणि पायी चालणाऱ्यांसाठीच बांधलेला पूल आहे. ऑगस्ट २०२४ पासून बस, रेल्वे, ट्राम आणि सिटीकॅट बोटीला एका फेरीचे फक्त ५० सेंट लागतात. त्यामुळे अर्धा तास लांब राहून आठवड्याला बरेच पैसे वाचवता येतात. शेवटची बस किती वाजता, एवढं बघ.

आम्हाला पूर्वाभिमुखच घर हवं. तिथे मिळतं का?
— गृहिणी, बीड

मिळतं, आणि सकाळच्या उन्हासाठी पूर्व चांगलीच. पण एक ध्यानात घ्या: दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून जातो. आपल्याकडे दक्षिणेच्या खिडकीतून येतं ते हिवाळ्याचं कोवळं ऊन तिथे उत्तरेकडून येतं. म्हणून बसायची खोली, वाळवणाची दोरी आणि सोलर पॅनेल उत्तरेला. दक्षिणेची खोली थंड, ओलसर राहते, कपड्यांना बुरशी धरते. निजायची खोली पश्चिमेला नको. डिसेंबरात रात्री दहालाही ती भिंत गरम असते. पूर्वेच्या खिडकीला जाड पडदा लावा. उन्हाळ्यात ब्रिस्बेनला पावणेपाचलाच सूर्य उगवतो.

मुलाकडे सहा महिने राहायला जायचं आहे. दोघंही साठीच्या पुढचे. कधी जावं, काय न्यावं?
— निवृत्त कर्मचारी, धाराशिव

एप्रिलमध्ये जा, सप्टेंबरअखेर परत या. इथला कडक उन्हाळा चुकतो आणि तिथला दमट उन्हाळा व वादळांचा मोसमही. जून ते ऑगस्ट ब्रिस्बेनला पहाटे दहा अंशांपर्यंत उतरतं. ऐकायला काही वाटत नाही, पण घरं लाकडी आणि फटीफटीची, हीटर नसतो. बाहेरच्यापेक्षा घरात जास्त गारठा वाटतो. स्वेटर, पायमोजे आणि एक जाड गोधडी बॅगेत टाका. टूवूंबाला मुलगा असेल तर दंव पडतं, कानटोपीही घ्या.

पेढे, बर्फी असं दुधाचं काही नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. चटण्या, मसाले, पापड बंद पाकिटात न्या आणि विमानात मिळणाऱ्या कार्डावर 'खाद्यपदार्थ आहेत' समोर 'हो' लिहा. लिहिलं आणि काढून घेतलं तर दंड नाही. लपवलं आणि सापडलं तर हजारो डॉलरचा दंड होऊ शकतो. औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह.

वेळ तिथे साडेचार तास पुढे. इथल्या नातवंडांशी बोलायचं तर त्यांची शाळा संध्याकाळी पाचला सुटते तेव्हा तुमचे साडेनऊ वाजलेले असतील. फोन त्यांच्या शाळेआधी, तुमच्या साडेअकराच्या चहाला लावलेला बरा.